रानाला नाव कोणी दिले?

महाबळेश्वरच्या पठारावरचे रान उंच नाही. साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस तेथे चार महिन्यांत कोसळतो आणि पुढचे सात-आठ महिने जवळजवळ कोरडेच जातात. त्यात कड्यावरून भणाणत येणारा वारा आणि जांभ्यावरचा मातीचा उथळ थर. अशा जागी झाडे फार तर दहा-पंधरा मीटर वाढतात, वाकतात, अंगावर शेवाळ आणि आमरे पांघरून उभी राहतात. तरी ती बाराही महिने हिरवी असतात. जांभूळ, अंजनी, पिसा ही त्यांतली नेहमी भेटणारी मंडळी.

या एकाच रानाला तीन नावे आहेत. डोंगरातला माणूस त्याला नुसते ‘रान’ म्हणतो. देवाच्या नावाने राखलेले असेल तर ‘राई’. वनखात्याच्या दप्तरी ते ‘पश्चिमेकडील उपोष्ण डोंगरी वन’ आहे. पाँडिचेरीच्या फ्रेंच संशोधकांच्या ग्रंथात त्याच रानाचे नाव, त्यातील लॅटिन शब्द मराठीत आणले तर, ‘अंजनी-जांभूळ-पिसा समाज’ असे होते. पहिले नाव वापरातून आले, दुसरे तापमानावरून, तिसरे तेथे राहणाऱ्या झाडांवरून. ही नावे कशी घडली आणि त्यांनी डोंगरावरील रानांचे काय केले, याचा इतिहास सामान्य वाचकापर्यंत फारसा पोहोचलेला नाही. वनस्पतिशास्त्राचा विषय म्हणून तो बाजूला राहतो. परंतु या इतिहासात माणसे आहेत, वाद आहेत आणि एका चुकीची फार मोठी किंमतही आहे.

युरोपातील वनाला नाव देणे तुलनेने सोपे असते. तेथे मैलोगणती बीचचे किंवा ओकचे रान असते. ज्या झाडाची बहुसंख्या, त्याचे नाव वनाला. उष्णकटिबंधातील पर्जन्यवनात मात्र ही रीत निरुपयोगी ठरते. थोड्याशा जागेत पन्नास-शंभर जातींची झाडे दाटीवाटीने उभी असतात आणि शेजारी शेजारी एका जातीची दोन झाडे सापडणे कठीण होते. त्यातून डोंगर असला की प्रत्येक चढणीला गर्दी बदलते. शंभर मीटर वर गेले की तापमान साधारण अर्ध्या अंशाहून थोडे अधिक उतरते. ढग कोठे टेकतात, वारा कोठून येतो, माती किती खोल आहे, यांवर कोण जगणार हे ठरते. एक समाज कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला, ही रेघ कोणी ओढायची?

ती रेघ प्रथम ओढली अलेक्झांडर फॉन हंबोल्टने. २३ जून १८०२ रोजी हा प्रशियन प्रवासी आपला सोबती बाँप्लाँ आणि कार्लोस माँटुफार यांच्यासह आजच्या एक्वादोरमधील चिंबोराझो पर्वतावर चढला. शिखर त्यांना गाठता आले नाही; परंतु त्या काळी कोणी चढले नसेल इतक्या उंचीवर ते पोहोचले. १८०७ मध्ये हंबोल्टने एक मोठे चित्र प्रसिद्ध केले. त्यात पर्वताचा उभा छेद दाखवून कोणत्या उंचीवर कोणत्या वनस्पती राहतात हे पर्वताच्या अंगावरच लिहिले होते. तळाशी ताड-केळीच्या कुळांचा पट्टा, वर वृक्षांचे पट्टे, त्याहून वर गवत, मग दगडफूल आणि बर्फ. वनस्पतींची यादी करणारे त्याआधीही पुष्कळ होते. त्यांचा शेजार मांडून दाखवणारे हे पहिले मोठे चित्र.

हंबोल्टला हिंदुस्थानात यायचे होते, हिमालय पाहायचा होता. ईस्ट इंडिया कंपनीने त्याला परवानगी दिली नाही. वसाहतींतील राज्यकारभारावर त्याने केलेली टीका कंपनीच्या संचालकांना ठाऊक असावी. गंमत अशी, की त्याचे नाव मात्र त्याच्याआधीच येथे आले होते. पश्चिम घाट व श्रीलंका येथील एका वृक्षकुलाला डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ व्हाल याने १७९४ मध्येच ‘हंबोल्टिया’ असे नाव दिले होते. या कुलातील कोडगूकडची एक जाती आपल्या पोकळ पेरांत मुंग्यांना बिऱ्हाड देते. तिची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे.

आपल्याकडे मात्र रानाचे पहिले वर्गीकरण शास्त्रज्ञाने केले नाही, कायद्याने केले. १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. सागवान, रेल्वेचे स्लीपर आणि जहाजांचे लाकूड हा सरकारचा मुख्य विचार होता. १८७८ च्या वन कायद्याने रानांचे तीन प्रकार पाडले : राखीव, संरक्षित आणि ग्रामवन. या वर्गीकरणात झाडाचे नाव नव्हते, मालकाचे होते. ज्याची गुरे कालपर्यंत ज्या डोंगरावर चरत होती, त्याला तो डोंगर आज बंद झाला. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ च्या ग्रंथात जंगलखात्यावर जी सणसणीत टीका केली, ती याच बंद झालेल्या डोंगरांविषयीची आहे. नावाचा पहिला चटका सामान्य माणसाला बसला तो असा.

शास्त्राची पावले त्यानंतर पडली. ‘उष्णकटिबंधीय पर्जन्यवन’ हा शब्द आज शाळेतील मुलालाही ठाऊक आहे. तो १८९८ मध्ये शिंपर या जर्मन शास्त्रज्ञाच्या ग्रंथातून रूढ झाला. त्यानंतरच्या अर्धशतकात अमेरिकेत एक मोठा वाद झाला. क्लेमेंट्सचे म्हणणे असे, की वनस्पतींचा समाज हा जणू एक जीव आहे. तो जन्मतो, वाढतो आणि हवामानाने ठरवलेल्या प्रौढावस्थेला पोहोचून स्थिर होतो. ग्लीसनने १९२६ मध्ये याला सरळ छेद दिला : प्रत्येक जाती आपापल्या सोयीने जेथे जगता येईल तेथे जगते, आपण ज्याला समाज म्हणतो तो योगायोगाने जमलेला शेजार आहे. हिंदुस्थानातील वनाधिकाऱ्यांनी बहुतांशी क्लेमेंट्सची बाजू उचलली, कारण ती कामाला सोयीची होती. ‘प्रौढ’ वन कोणते हे एकदा ठरले की बाकी सारे ‘अपुरे’ किंवा ‘बिघडलेले’ ठरवता येते. पुढे जे घडले त्याचे मूळ या सोयीत आहे.

१९३६ मध्ये हॅरी जॉर्ज चँपियन यांनी डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेतून हिंदुस्थान व ब्रह्मदेश यांच्या वनप्रकारांची पहिली सर्वंकष पाहणी प्रसिद्ध केली. (रात्री वाघांची छायाचित्रे घेण्याबद्दल प्रसिद्ध झालेले एफ. डब्ल्यू. चँपियन हे त्यांचे बंधू.) पाऊस, तापमान आणि रानाचे एकंदर रूप यांवर त्यांनी प्रकार पाडले. ऑक्सफर्डला प्राध्यापक झाल्यावरही त्यांनी हा विषय सोडला नाही. १९६८ मध्ये एस. के. सेठ यांच्याबरोबर त्यांनी सुधारित आवृत्ती काढली. तीत भारतातील वनांचे सोळा मुख्य गट आणि त्यांखाली दोनशेहून अधिक प्रकार आहेत. हे काम प्रचंड आहे आणि त्याचा अनादर करण्याचे कारण नाही. विमानातून काढलेली छायाचित्रे तुरळक होती आणि संगणक नव्हते अशा काळात, पायी व घोड्यावर हिंडणाऱ्या माणसांच्या टिपणांवर ते उभे राहिले. आजही भारतीय वन सर्वेक्षणाचे नकाशे याच चौकटीवर बेतलेले आहेत.

परंतु निलगिरी आणि पळणीच्या माथ्यावर ही चौकट अडखळली.

दक्षिणेतील या डोंगरांवर दोन हजार मीटरच्या आसपास एक विलक्षण देखावा दिसतो. गोल, मऊ टेकड्यांवर गवत. आणि टेकड्यांच्या घड्यांत, ओहोळाच्या काठाने, गर्द सदाहरित रानाचे पुंजके. तमिळ ‘सोलै’, म्हणजे उपवन, यावरून इंग्रजांनी या पुंजक्यांना ‘शोला’ म्हटले. आत शिरले की बुटकी, घुमटासारख्या माथ्याची झाडे, दालचिनीच्या व जांभळाच्या कुळांतली, आणि पायाखाली स्पंजासारखी ओली जमीन. कडेला लाल फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉन, ज्याचे बाकीचे गोत हिमालयात आहे. रान आणि गवत यांच्यामधली कड इतकी रेखीव असते की एक पाऊल सावलीत आणि दुसरे उन्हात पडावे.

चँपियन यांनी या शोलांना ‘दक्षिणेकडील पर्वतीय आर्द्र समशीतोष्ण वन’ असे नाव दिले. विषुववृत्तापासून अवघ्या दहा-अकरा अंशांवरील रान ‘समशीतोष्ण’ कसे, असा प्रश्न पडतो. तेथे युरोपसारखा उन्हाळा-हिवाळा नाही, केवळ उंचीमुळे आलेला गारवा आहे. तरी नावाचा हा दोष क्षम्य आहे. खरा प्रश्न गवताचा होता. ते गवत तेथे का आहे?

१९३८ मध्ये ‘इंडियन फॉरेस्टर’ या मासिकात या प्रश्नावर दोन मते मांडली गेली. वनाधिकारी सी. आर. रंगनाथन यांचे म्हणणे असे, की गवत मूळचेच आहे. हिवाळ्याच्या रात्री उघड्या माळावर दहिवर गोठते आणि झाडांची रोपे मरून जातात. म्हणून रान घळींत राहते आणि माळ गवताचा राहतो. दोन्ही आपापल्या जागी पूर्ण आहेत. एन. एल. बोर यांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते तेथे मूळचे शोलाच होते. तोडा व इतर लोकांच्या वणव्यांनी आणि गुरांनी ते हटले आणि गवत आले. आग व चराई थांबवली तर रान परत येईल.

दोघेही अभ्यासू होते, दोघांनीही डोंगर पाहिलेला होता. पण सरकारी वर्गीकरणात कोणाचे मत शिरले हे पाहण्यासारखे आहे. १९६८ च्या यादीत शोलावनाला स्वतःचा क्रमांक आहे. त्याच्या शेजारच्या गवताला मात्र स्वतंत्र क्रमांक नाही. शोलाच्या क्रमांकापुढे दोन अक्षरे जोडून ते नोंदवले आहे : ‘डीएस’, म्हणजे अवनत अवस्था. कागदावर गवताचा माळ हा माळ राहिला नाही. तो बिघडलेले रान झाला.

बिघडलेल्या वस्तूची दुरुस्ती करावी लागते. ऑस्ट्रेलियातील वॅटल आणि निलगिरी ही झाडे (दुसरीला आपण त्या डोंगराचेच नाव देऊन टाकले आहे!) १८४० च्या दशकापासून तेथे आलेली होती, ती मुख्यतः सरपणासाठी. स्वातंत्र्यानंतर कातडी कमावण्यास लागणाऱ्या सालीसाठी वॅटल आणि लगद्यासाठी निलगिरी यांची लागवड फार मोठ्या प्रमाणावर झाली, पाईनही आला. झाडे लावण्याला जागा कोणती निवडली? ‘रिकामे’ गवताळ माळ. ही माणसे दुष्ट नव्हती. झाड लावणे हे पुण्यकर्म आहे असे आपण सारेच मानतो, आणि ज्या जागेला अधिकृत भाषेत ‘अवनत’ म्हटले आहे तेथे झाड लावले तर कोणाचे काय बिघडले? बिघडले ते निलगिरी ताहर या रानबकऱ्याचे, ज्याला जगायला गवत लागते; तोडांच्या म्हशींचे; माळावरच उगवणाऱ्या आणि दुसरीकडे कोठेही न आढळणाऱ्या वनस्पतींचे; आणि त्या गवताखालून वर्षभर झिरपणाऱ्या पाण्याचे. पळणी डोंगरांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी २०१८ मध्ये उपग्रहचित्रांवरून दाखवून दिले, की १९७३ ते २०१४ या चार दशकांत तेथील गवताळ माळ दोन तृतीयांशांनी घटले. कारण मुख्यतः लागवड आणि शेती.

आणि रंगनाथन-बोर वादाचे काय झाले? निकाल दलदलीतून मिळाला. निलगिरीच्या खोलगट जागांत वनस्पतींच्या अवशेषांचा काळा चिखल हजारो वर्षे थरावर थर साचलेला आहे. गवत आणि झाडे हवेतील कार्बन वेगवेगळ्या रीतीने घेतात, त्यामुळे त्यांच्या अवशेषांतील कार्बनच्या प्रकारांचे प्रमाण निरनिराळे असते. रामन सुकुमार व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ‘नेचर’मध्ये या चिखलाचा सुमारे वीस हजार वर्षांचा जबाब प्रसिद्ध केला. हिमयुगाच्या ऐन थंडीत तेथे गवताचेच राज्य होते, म्हणजे गुरे राखणारा पहिला माणूस जन्माला येण्याच्या कितीतरी आधी. पुढे हवा ओली झाली तेव्हा रान पसरले, कोरडी झाली तेव्हा गवत. दोघेही पुरातन, दोघेही मूळचे रहिवासी. माणसाच्या आगीने कडा थोड्याफार हलल्या असतील. परंतु माळ माणसाने निर्माण केला हे म्हणणे टिकले नाही. रंगनाथन यांचे मत पुराव्याने उचलून धरले जाईपर्यंत पंचावन्न वर्षे लोटली होती. लागवड तोवर होऊन गेली होती.

वृक्षांचा समाज ओळखायचा तर आधी वृक्ष ओळखावा लागतो. हे अवघड, वेळखाऊ आणि कमी प्रतिष्ठेचे काम पश्चिम भारतात व दक्षिणेत ज्यांनी केले त्यांत काही जेज्वीट धर्मगुरू होते, हे आपल्या वाचकांना ठाऊक असलेले बरे. स्वित्झर्लंडचे फादर एथेलबर्ट ब्लॅटर १९०३ मध्ये मुंबईस आले आणि झेवियर महाविद्यालयात त्यांनी वनस्पतींचा जो संग्रह उभारला तो आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. मॅक्कॅन यांच्यासह त्यांनी लिहिलेला मुंबई इलाख्यातील गवतांवरचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९३५ मध्ये निघाला. गवतालाही नावगाव असते हे मानणारी ती माणसे होती. त्यांची परंपरा चालवणारे स्पॅनिश फादर सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९५३ मध्ये दिला आणि पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे नेतृत्व केले. कर्नाटकात फादर सेसिल सालढाणा यांनी हासन जिल्ह्याच्या वनस्पती नोंदवल्या (१९७६), तर तमिळनाडूत फादर के. एम. मॅथ्यू यांनी त्याच पळणी डोंगरांवर तीन खंडांचे काम १९९९ मध्ये पूर्ण केले. वाळवलेल्या फांदीवर तारीख, जागा आणि उंची लिहून ठेवणाऱ्या या हातांवाचून पुढचे वर्गीकरण होऊच शकले नसते.

ते पुढचे वर्गीकरण पाँडिचेरीत झाले. तेथील फ्रेंच संस्था १९५५ मध्ये झाँ फिलिओझा यांनी स्थापन केली, ती प्रामुख्याने संस्कृत व तमिळ विद्येसाठी. पण लवकरच तिला वनस्पतींच्या नकाशांचे अंग फुटले. गोसेन, लेग्री आणि आपले मेहेर-होमजी यांनी कोरड्या महिन्यांची संख्या मोजून हवामानाचे प्रकार पाडले. त्यांच्या पायावर झाँ-पिएर पास्काल यांनी पश्चिम घाटाच्या सदाहरित वनांचे नकाशे १९८० च्या दशकापासून काढले आणि १९८८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी दोन गोष्टी पकडल्या. घाट दक्षिणेकडून उत्तरेकडे आला की कोरडे महिने वाढत जातात : केरळच्या दक्षिण टोकाला दोन-तीन, महाबळेश्वरी सात-आठ. आणि डोंगर चढला की थंडी वाढते. या दोन धाग्यांच्या विणीत प्रत्येक समाज बसतो, आणि त्याचे नाव तेथील लक्षणीय झाडांवरून ठेवायचे. महाबळेश्वरचे ‘अंजनी-जांभूळ-पिसा’ हे नाव याच पद्धतीचे.

या पद्धतीने काय हाती लागते याचा एक नमुना सांगतो. कोडगूच्या पश्चिम उतारावर उप्पंगळ येथे या संस्थेने रानाचा एक तुकडा आखून त्यातील झाडन् झाड मोजले. जाती पुष्कळ निघाल्या. पण गर्दीत एक व्यवस्था दिसली. चार जाती प्रबळ आहेत आणि चौघी चार मजल्यांवर राहतात. सर्वांत वर गर्जनचे कूळ, त्याखाली धूप, मधे रानजायफळ आणि तळमजल्यावर, मुंग्यांना बिऱ्हाड देणारी हंबोल्टिया. ज्याला कंपनीने या देशात पाऊल टाकू दिले नाही, त्याच्या नावाचे झाड आता एका वृक्षसमाजाच्या नावात कायमचे जाऊन बसले आहे.

हे सारे विद्वानांचे खेळ आहेत असे ज्याला वाटेल त्याने न्यायालयाचे कागद पाहावेत. १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने ‘वन’ या शब्दाला कोशातला अर्थ दिला आणि देशभरच्या तोडीला लगाम बसला. पुढे धरण, खाण वा रस्त्यासाठी वनजमीन वळवली तर किती भरपाई द्यायची हा प्रश्न आला. २००८ च्या आदेशात चँपियन-सेठ यांचे वनगट सहा वर्गांत बसवले आहेत आणि वर्गाप्रमाणे, झाडोऱ्याच्या दाटीप्रमाणे, हेक्टरी ४ लाख ३८ हजारांपासून १० लाख ४३ हजारांपर्यंत दर ठरले. २०२२ मध्ये ते वाढवण्यात आले. २००८ च्या दरपत्रकात अतिदाट उष्णकटिबंधीय सदाहरित वनाला १० लाख ४३ हजार आणि तितक्याच दाट उपोष्ण डोंगरी वनाला ९ लाख ३९ हजार आहेत. म्हणजे महाबळेश्वरची जांभळे ‘सदाहरित’ या शब्दाखाली नोंदली की एक किंमत आणि ‘उपोष्ण’ या शब्दाखाली नोंदली की एक लाख चार हजारांनी कमी. झाड तेच, पाऊस तोच. आणि दाटी मोजायची ती झाडांच्या माथ्यांची. ज्या माळावर झाड असणेच निसर्गाला मंजूर नाही, त्याला या तक्त्यात कोठे बसवायचे?

पळणीच्या डोंगरावर आता आणखी एक गुंता झाला आहे. जुन्या वॅटल आणि पाईनच्या सावलीत शोलाच्या झाडांची रोपे उगवू लागली आहेत. पक्ष्यांनी बी आणून टाकले, परक्या झाडांनी दहिवर अडवले. काही म्हणतात, वॅटल सारा काढा आणि माळ मोकळा करा. दुसरे म्हणतात, हात लावू नका, खाली शोला जन्मतो आहे. पहिल्यांना तेथे हरवलेला माळ दिसतो, दुसऱ्यांना येणारे रान. वॅटल, पाईन आणि शोलाची रोपे अशा या मिश्र गर्दीला दप्तरात काय म्हणून नोंदवावे हे ठरायचे आहे, आणि कुऱ्हाड कोणत्या खोडावर पडेल हे त्या नोंदीवर अवलंबून आहे.